बांधकामाची परवानगी आणि अनुपस्थितांचा हक्क

साशंक : मुलुंडमध्ये किंवा बोरिवलीत पन्नास वर्षांपूर्वी उभी राहिलेली, गच्चीतून पाणी झिरपणारी आणि तुळयांतल्या गंजक्या सळया उघड्या पडलेली एखादी तीन मजली इमारत घ्या. तिच्यातील रहिवासी आपल्याच जमिनीवर आपलेच घर पुन्हा बांधण्याच्या परवानगीसाठी महानगरपालिकेकडे अर्ज करावयास निघाले, म्हणजे त्यांना पहिला अनुभव असा येतो की, तो अर्ज त्यांचा राहतच नाही. नकाशे दाखल करावयाचे ते परवानाधारक वास्तुविशारदाने. मालमत्ता पत्रकावरचे क्षेत्रफळ आणि जागेवरची मोजणी यांचा मेळ घालावयाचा तो नगर भूमापन कार्यालयातून. आवारातल्या झाडांसाठी वृक्ष प्राधिकरण, जिना आणि बंबाला वळण्यास लागणारी मोकळी जागा यांसाठी अग्निशमन दल, पावसाच्या पाण्याचा निचरा, सांडपाणी, पाणीपुरवठा आणि रस्त्याची रेषा यांसाठी प्रत्येकी निराळे खाते. आणि इमारत अंधेरी, विलेपार्ले किंवा घाटकोपर येथील विमानांच्या मार्गाखाली असेल, तर तिने आकाशात किती उंच जावे हे ठरविणार भारतीय विमानतळ प्राधिकरण. आयओडी (अटींसह प्राथमिक मंजुरी) निघाली, सीसी (प्रारंभ प्रमाणपत्र) जोत्यापर्यंत मिळाली, पुढची अडली, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) राहिली, असे शब्द वर्षानुवर्षे त्या रहिवाशांच्या कानांवर पडत राहतात. त्यांतला प्रत्येक शब्द त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवितो, आणि तरीही त्यांपैकी एकाही कागदामागची कारणमीमांसा त्यांना कोणी समजावून सांगत नाही. ज्या प्रक्रियेचा अर्थ खुद्द अर्जदाराला लागत नाही, ती कोणाचे रक्षण करीत असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

पुरस्कर्ता : तुमच्या वर्णनात मी एका अक्षराचाही फेरफार करणार नाही, परंतु ‘आपल्याच जमिनीवर आपलेच घर’ या शब्दप्रयोगात जो निष्कर्ष तुम्ही अगोदरच गृहीत धरला आहे, त्यालाच माझी पहिली हरकत आहे. घर हे आपल्या कुंपणाच्या आत उभे राहते हे खरे. पण त्याची सावली, त्याचे सांडपाणी, त्याच्या गाड्या आणि आग लागल्यास त्याचा धूर यांपैकी काहीही कुंपण मानीत नाही. मुंबईला हे ज्ञान फार महागात मिळाले. १८९६ साली प्लेग आला तेव्हा, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या, आतल्या खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागणाऱ्या चाळींनी माणसांचे काय केले ते सगळ्या शहराने पाहिले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम घातला : समोरच्या इमारतीची उंची अशी असावी की, खिडकीच्या तळापासून तिच्या माथ्याकडे काढलेली रेषा त्या कोनापेक्षा अधिक चढू नये, म्हणजे खोलीत थोडे तरी आकाश पोहोचेल. त्या नियमाने चाळीच्या मालकाला काहीही दिले नाही. दिले ते त्या खोलीत अजून राहावयास न आलेल्या, आणि म्हणूनच अर्जाच्या वेळी कोठेही हजर नसलेल्या बाईला आणि तिच्या मुलांना. परवानगी मागणारा नेहमीच समोर उभा असतो. ज्यांच्यासाठी ती द्यावयाची किंवा नाकारावयाची, ते मात्र बहुधा अनुपस्थित असतात. शेजारी, खालच्या उताराकडे राहणारे लोक, तीस वर्षांनी ती सदनिका विकत घेणारा, विमानातील प्रवासी, आणि बोरिवली-मुलुंडच्या कडेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य, या सर्वांच्या वतीने बोलणारे कोणीतरी त्या टेबलापाशी असावयास हवे, एवढाच या सगळ्या कागदपत्रांचा मूळ हेतू आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री उपनगरांतल्या ज्या तळमजल्यांत छातीइतके पाणी चढले, त्यांच्या रहिवाशांना जर विचारले असते की, नाल्याकाठच्या भूखंडाला निचऱ्याची ना-हरकत लागावी की नाही, तर त्यांनी काय उत्तर दिले असते?

साशंक : त्यांनी ‘लागावी’ असेच म्हटले असते, आणि लगेच विचारले असते की, त्या नाल्याकाठी ज्या इमारती उभ्या आहेत त्यांच्याजवळ ती ना-हरकत होती ना, मग पाणी का चढले? तुम्ही अनुपस्थितांचा कैवार घेता, तो मलाही प्रिय आहे. पण या यंत्रणेने त्यांचे नाव घेऊन प्रत्यक्षात काय मोजले ते पाहू. १८ जुलै २००७ रोजी बोरिवली पश्चिमेला ‘लक्ष्मी छाया’ ही सात मजली इमारत कोसळली आणि तिसाच्या आसपास माणसे दगावली. दहा वर्षांनी, २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील ‘साई सिद्धी’ ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जण मेले. पहिल्या ठिकाणी तळमजल्यावरच्या दुकानात, दुसऱ्या ठिकाणी तळमजल्यावरच्या रुग्णालयाच्या जागेत फेरफाराचे काम चालू होते आणि तपासाचा रोख त्याच कामांकडे गेला. दोन्ही इमारती कोणा एका रात्रीत उगवलेल्या झोपड्या नव्हत्या. त्या वर्षानुवर्षे कुटुंबांनी भरलेल्या, करपावत्या असलेल्या, उपनगरी मध्यमवर्गाच्या इमारती होत्या. वरच्या मजल्यावर सकाळचा चहा घेत बसलेल्या माणसाचा जीव खालच्या गाळ्यातल्या खांबावर अवलंबून होता, आणि त्या खांबाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. उलट नवीन इमारतीचा नकाशा तपासताना छज्जा किती इंच बाहेर आला, जिन्याचे क्षेत्र चटईक्षेत्रात धरले की वगळले, याची छाननी दशांशापर्यंत होते. आमची परवानगी ही क्षेत्रफळाची परवानगी झाली आहे. सुरक्षिततेची राहिलेली नाही.

पुरस्कर्ता : या दोन दुर्घटनांचे नाव तुम्ही घेतले हे बरे झाले, कारण माझ्या मते त्या तुमच्या बाजूने जितक्या बोलतात तितक्याच माझ्याही बाजूने बोलतात. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमात नवीन बांधकामाची सूचना ३३७ व्या कलमाखाली द्यावयाची असते, आणि असलेल्या इमारतीत फेरफार करावयाचा तर ३४२ व्या कलमाखाली. गिलावा, फरशी, नळ, रंग यांसारख्या किरकोळ दुरुस्तीसाठी परवानगी लागत नाही. भिंती किंवा खांब यांना हात लावावयाचा झाला की लागते. म्हणजे कायद्याने रेषा योग्य जागी काढली आहे. परंतु आपल्या समाजात ती रेषा कोणी मानीत नाही. ‘जरा आतले काम काढले आहे’ या पाच शब्दांत फरशी बदलणेही बसते आणि खांब कापणेही बसते. सोसायटीचे चिटणीस दोन दिवस आवाज ऐकतात, कामगारांनी लिफ्टमधून डबर नेऊ नये एवढी ताकीद देतात आणि गप्प बसतात. नवे घर बांधणारा अर्ज टाळीत नाही, कारण त्याच्या घराला पाणी आणि वीज मिळावयाची असते. जुन्या घराची भिंत पाडणाऱ्याला कसलीच जोडणी नव्याने घ्यावयाची नसते, म्हणून तो अर्जच करीत नाही. त्या दोन तळमजल्यांच्या बाबतीत दोष परवानगीच्या अतिरेकाचा होता की तिच्या अभावाचा, हे तुम्हीच सांगा. शिवाय त्याच अधिनियमात ३५३-ब हे कलम आहे; तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने नोंदणीकृत अभियंत्याकडून ती तपासून घेऊन स्थैर्याचे प्रमाणपत्र द्यावे, असे ते सांगते. कायद्याला इमारतीचे म्हातारपण ठाऊक आहे. विसर पडला आहे तो आपल्याला.

साशंक : विसर पडावा अशीच रचना असेल तर? ज्या कामातून खजिन्यात भर पडते त्याला कार्यालय, मनुष्यबळ, संगणक आणि मुदती मिळतात. ज्यातून केवळ कटकट येते ते काम एका नोटिशीवर भागते. मी आता माझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. १९६४ च्या विकास आराखड्याने चटईक्षेत्र-निर्देशांक, म्हणजे आपण ज्याला एफएसआय म्हणतो तो, या शहरात आणला. उपनगरांत तो दीर्घकाळ एक धरला गेला, कारण, आम्हांला असे सांगण्यात आले की, येथील रस्ते, गटारे आणि जलवाहिन्या याहून अधिक माणसे पेलू शकणार नाहीत. मग १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकासहक्क, अर्थात टीडीआर, आणला. दक्षिणेकडच्या शहरात आरक्षणाखाली जमीन गेली तर तिचा मोबदला म्हणून मिळालेला हक्क शहरात वापरावयाचा नव्हता, तो उपनगरांत आणून उतरवावयाचा होता. अंधेरी-बोरिवलीचे रस्ते तेव्हा एकाएकी रुंद झाले होते काय? २०१२ मध्ये पस्तीस टक्क्यांचे प्रतिपूरक क्षेत्र (फंजिबल एफएसआय) आले, तेही अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून. आणि इमारतीभोवतीची मोकळी जागा नियमापेक्षा कमी पडत असेल, तर तीही अधिमूल्य घेऊन क्षम्य करता येते. ज्या साडेत्रेसष्ट अंशांचा तुम्ही इतक्या भक्तीने उल्लेख केलात, त्या उजेडाचीच ही किंमत ठरविणे झाले. मोकळी जागा कमी असणे शेजाऱ्याच्या आरोग्याला घातक असेल, तर पैसे भरल्याने ते कसे निवळते? आणि घातक नसेल, तर ती जागा सोडण्याची सक्ती मुळात कशासाठी? २०२१ साली राज्य शासनाने वर्षअखेरपर्यंत अधिमूल्यांत पन्नास टक्के सूट दिली, तेव्हा तर आकाशालाही हंगामी सवलत लागू झाली. अनुपस्थितांचा वकील म्हणून तुम्ही ज्याला उभे केलेत, तोच समोरच्या पक्षाकडून शुल्क घेतो आहे.

पुरस्कर्ता : हा आक्षेप मला झटकून टाकता येणार नाही, आणि टाकावयाचीही माझी इच्छा नाही. एवढेच म्हणतो की, तो पैसा हवेत जात नाही. १ जुलै २०१७ पासून जकात गेली. तिच्या जागी शासनाकडून भरपाई येते, पण नगराच्या स्वतःच्या मिळकतीत विकासशुल्काचे आणि अधिमूल्याचे स्थान त्यानंतर मोठे झाले आहे. नवीन शंभर कुटुंबे येणार असतील तर त्यांच्या जलवाहिनीचा खर्च त्यांच्याकडून घेणे न्याय्यच आहे. मोकळ्या जागेच्या बाबतीत तुमचे म्हणणे निराळे आहे, आणि तेथे मी तुमच्याशी सहमत आहे : वाहिनीचा खर्च पैशाने भरून निघतो, उजेडाचा निघत नाही. परंतु ज्या २०१२ च्या सुधारणेला तुम्ही त्याच यादीत बसविलेत, तिची पार्श्वभूमी आठवा. तिच्याआधी सज्जे, फुलांचे ओटे, कपाटांच्या खोबणी यांना चटईक्षेत्रातून वगळण्याचा अधिकार प्रकरणागणिक वापरला जात असे; कोणाला किती वगळून मिळेल हे नियमात नव्हे, आयुक्तांच्या टिप्पणीवर ठरे. ते सर्व क्षेत्र मोजणीत घेऊन त्याऐवजी सर्वांना सारखी टक्केवारी देणे, म्हणजे स्वेच्छाधिकाराच्या जागी दर आणणे होते. दराला माणसाचा चेहरा दिसत नाही. मर्जीपेक्षा तो बरा.

साशंक : बरा, हे मान्य. पण ज्याच्याजवळ दर भरावयास पैसे नाहीत आणि ज्याचे घर कोणत्याच दरपत्रकात बसत नाही, त्याचे काय? अंधेरीच्या आंबोलीत, मरोळला, बोरिवलीच्या वझिऱ्याला किंवा एक्सरला गावठाणात जा. तेथली घरे महानगरपालिकेहून जुनी आहेत. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. त्यापूर्वी घाटकोपर-किरोळला, पार्ले-अंधेरीला आपापल्या नगरपालिका होत्या. आजोबांना ज्या कचेरीत जाऊन, नकाशाचा कागद उलगडून, ‘येथे पडवी काढतो’ असे सांगता येई, ती कचेरी अर्ध्या तासाच्या अंतरावर होती आणि तिच्यातल्या माणसाला ती पडवी ठाऊक होती. आज त्या गावठाणातल्या चाळीस हात लांब आणि बारा हात रुंद भूखंडावर चारही बाजूंनी मोकळी जागा सोडावयाची म्हटली, तर मध्ये देवघरापुरती जागा उरेल. म्हणून तो माणूस अर्ज करीत नाही. रात्री पत्रा चढवितो. आणि शासन काय करते? निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे, अनिवासी १ एप्रिल १९६२ पूर्वीचे, तर ते सहन करावयाचे. झोपडी १ जानेवारी २००० पूर्वीची, तर तिला संरक्षण द्यावयाचे. मला त्या गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर काढावयाचे नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ज्याने अर्ज केला तो मुदतीकडे डोळे लावून बसला, आणि ज्याने केला नाही त्याच्यासाठी तारीख पुढे सरकली, हे पाहून प्रामाणिक अर्जदाराच्या मनात कायद्याबद्दल कोणती भावना उपजेल?

पुरस्कर्ता : रागाची उपजेल. आणि तो राग ज्याने खोट्या भरवशावर घर घेतले त्याच्या दुःखाशेजारी ठेवून पाहावा. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात मंजुरीपेक्षा अधिक मजले चढले. लोकांनी सदनिका घेतल्या, मुले तेथे वाढली, आणि तीस वर्षे उलटत आली असता, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले नियमित करण्यास नकार दिला. ओसी नसलेल्या इमारती उपनगरांतही थोड्या नाहीत. तेथले लोक वाढीव दराने पाणीपट्टी भरतात आणि पुनर्विकासाची गोष्ट निघाली की, कागद अपुरे म्हणून गप्प होतात. त्यांनी कोणताही नियम मोडलेला नसतो. मोडणारा विकासक केव्हाच पुढच्या भूखंडावर गेलेला असतो. अशा माणसाच्या हातात परवानगीखेरीज दुसरे कोणते शस्त्र आहे? २०१७ च्या मे महिन्यात महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, सुरू झाले, तेव्हापासून नोंदणी झालेल्या प्रकल्पाचे प्रारंभ प्रमाणपत्र कोणालाही वाचावयास मिळते. पूर्वी जो कागद विकासकाच्या कपाटात असे, तो आता खरेदीदार घर घेण्याआधी मोबाइलवर पाहू शकतो. नकाशेही संगणकावरून दाखल होऊ लागले आहेत आणि यंत्रच क्षेत्रफळ तपासते. तुम्ही ज्याला अर्जदाराचे परकेपण म्हणता, ते कमी होण्याची ही सुरुवात आहे.

साशंक : सुरुवात खरी, पण खिडकी एकाच बाजूने उघडली आहे. विकत घेणाऱ्याला कागद दिसतो, कारण तो पैसे देतो. शेजाऱ्याला काय दिसते? विकास आराखडा बदलावयाचा झाला, तर नगररचना अधिनियमानुसार लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. २०१५ च्या मसुद्यावर शहरभर इतका क्षोभ उसळला की, शासनाला तो मागे घेऊन नव्याने करावयास लावावा लागला, आणि २०३४ पर्यंतचा आराखडा मंजूर होण्यास २०१८ उजाडले. संपूर्ण शहराच्या रंगीत नकाशावर बोलण्याचा मला अधिकार आहे. पण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बारा फुटांऐवजी सहा फूट सोडण्याची सवलत दिली जाते, तेव्हा मला कोणी विचारीत नाही. त्या टेबलापाशी अनुपस्थितांच्या वतीने कोणीतरी असावे असे तुम्ही म्हणालात. मी त्या वेळी अनुपस्थित नसतो हो. मी पलीकडच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, घरातच असतो. मला बोलाविलेले नसते, एवढेच.

पुरस्कर्ता : आता तुम्ही परवानगीच्या विरुद्ध बोलत नाही, तिच्यात आणखी एक टप्पा मागता आहात. मग त्याची किंमतही मोजा. अर्ज साठ दिवसांत निकालात निघाला नाही आणि प्रस्ताव नियमांशी सर्वथा सुसंगत असेल, तर परवानगी मिळाली असे मानावे, असे १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे ४५ वे कलम म्हणते. प्रस्ताव सुसंगत होता की नाही हे नंतर कोणीतरी ठरविणार, या धास्तीने त्या तरतुदीच्या आधारावर खोदकामाला हात घालणारा अर्जदार विरळा. अशा मंद प्रवाहात शेजाऱ्यांच्या हरकतींची सुनावणी घाला, म्हणजे तुमचे मुलुंडचे रहिवासी भाड्याच्या घरात आणखी किती पावसाळे काढतील? त्यांच्यात सत्तरीच्या पुढचे लोक असतात. घर रिकामे करून गेलेले आणि नव्या घराची किल्ली हाती येण्याआधीच गेलेले किती वृद्ध आपल्या दोघांच्याही ओळखीचे आहेत! तेही उद्या अनुपस्थितच होतात.

साशंक : ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच माझी सर्वाधिक आशा स्वयंपुनर्विकासावर आहे. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासननिर्णयाने, सोसायटीने विकासकाशिवाय स्वतःच आपली इमारत बांधावी म्हणून सवलती आणि एक खिडकी देण्याचे ठरविले. त्यात अर्जदार खरोखरच अर्जदार होतो. नकाशा सभेपुढे येतो, हिशेब सभेपुढे येतो, वास्तुविशारद सोसायटीला उत्तर देतो. तुमच्या प्रक्रियेचा अर्थ त्या लोकांना प्रथमच कळेल.

पुरस्कर्ता : कळेल, आणि त्याच क्षणी एक नवी गोष्टही कळेल. खर्च भागविण्यासाठी त्यांना वरचे मजले विकावे लागतील, म्हणजे कालचे रहिवासी आज विक्रेते होतील. अधिक मजले हवेत म्हणून मोकळ्या जागेची सवलत तेच मागतील, अधिमूल्याची सूट तेच मागतील. पलीकडच्या इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरच्या तुमच्यासारख्या गृहस्थाला आपला नकाशा, मंजुरीच्या आधी, ते होऊन दाखवितील काय?

साशंक : दाखवावा असे मी त्यांना सांगेन, आणि आग्रहाने सांगेन. पण त्या गृहस्थाने हरकत घेतली, तर ती ऐकावयाची कोणी आणि किती दिवसांत, हे कायद्यात लिहिलेले नाही. आणि ज्या कचेरीने ती ऐकावी असे म्हणता येईल, तिच्या खजिन्यात त्या सवलतीचे अधिमूल्य जमा व्हावयाचे आहे. ते पैसे आणि तो निर्णय एकाच छपराखाली असेपर्यंत, मुलुंडच्या त्या म्हाताऱ्यांना ‘आणखी थांबा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे, हे तुम्ही मला सांगा.

पुरस्कर्ता : निर्णय निराळ्या छपराखाली न्यावा, असे मी सहज म्हणेन, पण मग आणखी एक कचेरी, आणखी एक ना-हरकत, आणि तुम्ही आरंभी वाचलेल्या त्या यादीत आणखी एक ओळ. ती ओळ वाढवावयास तुम्ही तयार आहात काय?

साशंक : तिच्याऐवजी यादीतल्या कोणत्या दोन ओळी खोडता येतील, हे बघितल्याशिवाय नाही.